गुळगुळीत कपाळ

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या शेजारी एक बाई उभी असते. तोंडात थुंकी ओढणारी नळी धरते, कापसाचे बोळे देते आणि मधूनमधून "अजून थोडं उघडा" म्हणते. ती मी. बावीस वर्षं झाली. पेशंट मला ताई म्हणतात. म्हणजे तोंड मोकळं असेल तेव्हा. एरवी नुसतंच "आआ".

आमच्या मॅडम दाताच्या कामात वाघ आहेत, पण त्यांना दात सोडून काही दिसत नाही. डोळ्यांवर भिंग लावलेला चष्मा चढवला की एका वेळी एकच दाढ. त्या दाढेच्या मागे माणूस आहे की घोडा, याचा त्यांना पत्ता नसतो. "दुखलं तर हात वर करा" असं त्या सगळ्यांना सांगतात, आणि निम्मे लोक हात वर करत नाहीत. कोणी संकोचाने, कोणी ऐट म्हणून, आणि कोणी खुर्चीचे हात इतके घट्ट धरून ठेवतात की ते सोडवायलाच दोन माणसं लागतील.

म्हणून आमची एक पद्धत होती. मॅडमच्या बुटाला माझ्या बुटाची एक टोच म्हणजे थांबा. दोन म्हणजे भूल कमी पडलीय, अजून एक इंजेक्शन द्या. खुर्चीखाली काय चाललंय ते पेशंटला दिसत नाही. त्यामुळे गावभर बोलबाला असा, की या मॅडमना न सांगता कळतं. मॅडम लाजून हसायच्या आणि ते श्रेय खिशात टाकायच्या. मी नळी धरून उभी असायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

मला हे कसं कळायचं ते मात्र विचारू नका. पेशंटच्या डोळ्यांकडे बघितलं की कळायचं, बस. हा घाबरलाय, हिला प्रकाशाचा त्रास होतोय, याला खरंच कळ गेली. नवरा म्हणायचा, तू टीव्हीवरची मालिका बघताना त्यातल्या बायकांसारखीच तोंडं करतेस. तो स्वतः मालिका कधी बघत नाही, माझ्याकडे बघत बसतो. त्याच्या मते त्यात जास्त करमणूक आहे.

बावीस वर्षं लोकांबरोबर कळा सोसून माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडल्या होत्या. चांगल्या खोल, अकराचा आकडा कोरल्यासारख्या. भाचीच्या घरी काढलेल्या एका फोटोत सगळे हसतायत आणि मी एकटीच कोणाला तरी फाडून खाणार आहे, असं दिसत होतं. वर एक दिवस एक लहानशी पेशंट खुर्चीत चढता चढता आईला म्हणाली, "ही रागीट बाई नको." मी तिच्यासाठी गुलाबी पेला शोधत होते हो! मनाला लागलं माझ्या.

नेमक्या त्याच आठवड्यात मॅडम दोन दिवसांचा कोर्स करून आल्या. मॅडमना कोर्स करायची भारी हौस. या वेळचा होता सुरकुत्या घालवायच्या इंजेक्शनांचा. सोमवारी सकाळी त्या माझ्या कपाळाकडे अशा बघत होत्या, जसा रंगारी ओल आलेल्या भिंतीकडे बघतो.

"ताई, तुमचा तो अकरा मी घालवू?"

"दुखेल का?" मी विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते.

"छे! पाच टोचण्या."

आठवड्याभरात कपाळ इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत झालं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. जाता-येता आरशात डोकवायचे. काउंटरवर बसणारी पोरगी, तिला आम्ही चिमणी म्हणतो, ती म्हणाली, "ताई, दहा वर्षं गळून पडली." नवऱ्याच्या काही लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आज झोप बरी झालेली दिसते." त्याच्याकडून एवढंही खूप झालं.

मग एकेक भानगडी सुरू झाल्या.

नवरा एका संध्याकाळी घरी आला आणि खुर्चीत बसून राहिला. मी म्हटलं, "काय, आज स्वारी अगदी मजेत!" झालं असं होतं की त्या दिवशी ऑफिसात साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तो दोन दिवस माझ्याशी अबोला धरून होता, आणि तो अबोला आहे हेच मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यालाच बोलून सांगावं लागलं, की मी तुझ्याशी बोलत नाहीये. दवाखान्यात चिमणी फोन कानाला लावून तोंड वाकडं करून बसली होती. मी हसत म्हटलं, "एवढा काय विनोद? आम्हालाही सांग." ती रडत होती. तिचं कोणाशी तरी फाटलं होतं. ती हुंदका देत उठून आत गेली आणि मी हातात फाइल घेऊन तिथेच उभी राहिले.

दवाखान्यात तर बघायलाच नको. एका पेशंटचा हात वर गेला तरी माझा पाय हलला नव्हता. मॅडमनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी घाबरले आणि दुसऱ्या दिवसापासून जरा कोणी पापणी हलवली की टोच मारायला लागले. मॅडम थांबायच्या, विचारायच्या, पेशंट म्हणायचा, "नाही, मला काही होत नाहीये." अर्ध्या तासाचं काम तासभर चालायला लागलं. बाहेर बाकावर जागा उरेना.

"ताई," मॅडम एक दिवस बूट वर करून म्हणाल्या, "हे बूट सकाळी पांढरे होते. आता खात्री असेल तरच मारा."

मला राग आला. माझ्या नाकावर राग असतोच, तो कपाळावर दिसत नव्हता इतकंच. डोळ्यांत काही बिघाड आहे का म्हणून मी चष्म्याचा नंबरही तपासून आले. नंबर तोच होता.

शेवटी मॅडमनाच सापडलं. दुपारी डबा खाताना मोबाइल चाळत होत्या, एकदम घास हातात धरून थांबल्या. "ताई, ऐका. समोरच्याचा चेहरा बघताना आपला चेहराही नकळत थोडा थोडा तसाच हलतो म्हणे. आणि त्यावरून आपल्याला त्याच्या मनातलं कळायला मदत होते. आता या इंजेक्शनाने कपाळच हलत नसेल तर कमी कळू शकतं, असं काही अभ्यास करणारे म्हणतात. सगळ्यांना पटलेलं नाहीये, पण..." त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. मी पण वर बघायचा प्रयत्न केला, जणू ते मला दिसणार होतं.

"उतरेल ना हे?"

"तीन-चार महिन्यांत."

"मग उतरेल तेव्हा उतरेल," मी म्हटलं. "नळी हाताने धरतात, कपाळाने नाही." मॅडम हसल्या, मीही हसले. पेशंटना हात वर करायचं जरा दटावून सांगायचं, असं ठरलं आणि आम्ही डबे बंद केले.

इथे माझे बाबा येतात.

बाबांचं वय शहात्तर. चाळीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. उंच, काचेच्या केबिनमधे एकट्याने बसायचं आणि खाली लोखंडाचे गठ्ठे उचलून ठेवायचे. त्यांची एक दाढ दोन वर्षं दुखत होती आणि दोन वर्षं ते दुसऱ्या बाजूने जेवत होते. मी तीन वेळा तारीख ठरवून दिली, तीनही वेळा त्यांनी पळ काढला. एकदा नळ गळत होता, एकदा कोणी तरी भेटायला येणार होतं, तिसऱ्यांदा तर कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. आता गाल सुजला होता. शिवाय दुसऱ्या बाजूची एक दाढही किडली होती.

"येतो," ते म्हणाले, "पण तू उभी राहणार असशील तर."

"मी असतेच, बाबा. माझी नोकरी आहे ती."

"तसं नाही. क्रेनवर बसलं की माल आपल्याला दिसत नसतो. खाली एक माणूस असतो, तो हाताने खुणा करतो. बाकीचे किती का ओरडेनात, आपण त्या एकाकडेच बघायचं. तो थांब म्हणाला की थांबायचं, थांब म्हणत नाही तोवर चालू ठेवायचं. दोघांकडे बघायला गेलं की घात. तिथे माझा खालचा माणूस तू. तुला तोंड बघून कळतं ना लोकांचं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ते त्याच पावली परत फिरले असते आणि गाल अजून सुजला असता. हे झालं सांगण्यासारखं कारण. खरं कारण असं, की मला लाज वाटली. बापाला कसं सांगायचं, की पन्नाशीला आलेल्या तुमच्या लेकीने चांगलं दिसायचं म्हणून कपाळात सुया टोचून घेतल्या?

"हो, कळतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "बरी दिसतेस हल्ली. काळजी कमी झालीय वाटतं."

मंगळवारी अकराला ते आले. मॅडमनी भूल दिली, थांबल्या, हिरडीला टोचून बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा, सूज आहे म्हणून कधीकधी भूल पूर्ण चढत नाही. दाब जाणवेल, पण दुखायला नको. दुखलं की लगेच हात वर, काय?"

बाबांनी मान हलवली आणि डोळे माझ्यावर लावले.

मीही त्यांच्याकडे बघत होते. इतकं जीव तोडून मी आयुष्यात कोणाकडे बघितलं नसेल. डोळे मोठे झाले होते. दिव्यामुळे? भीतीमुळे? हात खुर्चीवर घट्ट होते, पण ते सगळ्यांचेच असतात. एकदा त्यांच्या गळ्याशी काहीतरी हललं. माझा पाय उचलला गेला आणि मला मॅडमचे बूट आठवले. खात्री असेल तरच. मला खात्री नव्हती. मी पाय खाली ठेवला. दाढेची मुळं वाकडी निघाली. वीस मिनिटं गेली.

दाढ निघाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आजोबा एकदम धीराचे!" तोंडात बोळा असल्यामुळे बाबांनी अंगठा वर केला. मला हायसं वाटलं. पेला विसळताना मी गुणगुणतही होते.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. सूज उतरली होती. ते टेबलाशी बसून दुधात बिस्कीट बुडवून खात होते. दोन बिस्किटं खाऊन झाल्यावर म्हणाले, "पुढच्या दाढेलाही तेवढंच का गं?"

"तेवढंच म्हणजे?"

"नाही, तेवढंच असेल तर सकाळी काही खाऊन येत नाही. या वेळी पोटातलं सगळं वर येत होतं."

"बाबा, तुम्हाला दुखत होतं?"

"दाढ काढायची म्हणजे ते आलंच."

"येत नाही! भूल कशाला देतात मग? हात का नाही वर केलात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हा काय विचारायचा प्रश्न झाला. "तुझ्याकडे बघत होतो ना. तू शांत उभी होतीस. कपाळावर एक रेघ नाही. म्हटलं, हिला काही वावगं दिसत नाहीये, म्हणजे हे एवढं असायचंच. आपणच घाबरट आहोत. म्हणून चालू ठेवलं."

वीस मिनिटं. माणूस जिवंत दाढ उपटून घेत होता आणि माझ्या गुळगुळीत कपाळाकडे बघून स्वतःला घाबरट म्हणत होता.

मग मी सगळं सांगितलं. फोटो, रागीट बाई, पाच टोचण्या, मॅडमचे बूट, डबा खाताना वाचलेलं. मला माहीत होतं आणि तरी मी हो म्हटलं, हेही सांगितलं.

"कशाला टोचून घेतलंस?" त्यांनी एवढंच विचारलं.

"चांगलं दिसावं म्हणून."

"अच्छा."

ते उठले. पेला धुतला, पुसला, पालथा घातला. मग फडका नीट घडी घालून दांडीवर टाकला. माझ्याकडे वळले तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला काहीही कळलं नाही. रागावले होते, दुखावले होते की फक्त दमले होते? बावीस वर्षं मी अनोळखी लोकांच्या डोळ्यांतलं वाचत आले, आणि बापाच्या चेहऱ्यावर मला फक्त नाक, डोळे आणि दाढीचे खुंट दिसत होते.

"मी जरा पडतो," ते म्हणाले आणि आत गेले.

आठ दिवस त्यांचा फोन नाही. एरवी ते रोज करतात, आज काय भाजी केलीस एवढंच विचारायला का होईना. मी फोन केला तर "हो, बरा आहे" म्हणून ठेवून द्यायचे. मी नवऱ्याला म्हटलं, "रागावलेत की नाही, काय कळायला मार्ग नाही."

"विचार ना त्यांना."

"असं कसं विचारायचं?"

"तोंडाने," तो म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. गेले काही दिवस बिचाऱ्याला मालिकाच बघावी लागत होती.

मॅडमना मी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सांगितलं होतं. त्यांनी डोळ्यांवरचा भिंगाचा चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "सुई मीच टोचली, आणि बघायचं कामही तुमच्यावरच टाकलं. मान वर करून बघायला मला काय झालं होतं?"

दुसऱ्या दाढेची तारीख पुढच्या मंगळवारची होती. बाबा येणार नाहीत, अशी माझी पक्की समजूत. नळ गळायला लागेल, नाही तर पाहुणा उगवेल. साडेदहाला मी चिमणीला म्हटलंही, की अकराला दुसरं कोणी असेल तर बसव. पावणेअकराला बाबा दारात. बूट पॉलिश केलेले. चिमणीला "काय गं, कशी आहेस?" विचारून ते सरळ आत आले, खुर्चीत बसले आणि दिव्याकडे बघत राहिले.

मॅडमनी मास्क लावायच्या आत मी बोलायला सुरुवात केली, नाही तर माझ्याच्याने झालं नसतं.

"बाबा, आधीच सांगते. आजही मला तुमच्या तोंडाकडे बघून काही कळणार नाहीये. तुम्ही रागावलायत की काय, तेही मला कळलेलं नाही. आठ दिवस जीव टांगणीला लागलाय माझा. माझ्याकडे बघू नका. जे होईल ते बोलून सांगा. मोठ्याने सांगा."

मॅडमनी इंजेक्शन हातात घेतलं.

"दुखलं," बाबा म्हणाले.

मॅडम थबकल्या. "आजोबा, अजून मी हातही लावला नाहीये."

"आजचं नाही. मागच्या वेळचं सांगतोय." त्यांचा आवाज जरा चिरकला. "खूप दुखलं गं. मला वाटलं, मी मरतो आता. आणि तू नुसती उभी होतीस."

माझ्या बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. क्रेनच्या दारात बोट चेमटलं तेव्हा नाही, आई गेली तेव्हाही नाही. तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यावरून समजून घेतलं होतं आणि त्यांनीही माझ्या. बोलायची गरज पडते असं आम्हा दोघांना कधी वाटलंच नव्हतं.

"चूक झाली, आजोबा," मॅडम म्हणाल्या.

"बाबा, माझी चूक झाली," मी म्हटलं. नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मास्क ओला झाला. "मी घाबरले होते. तुम्ही परत जाल म्हणून बोलले नाही. आणि मला लाजही वाटत होती."

"मीही घाबरलो होतो," बाबा म्हणाले. "रागावलो पण होतो. आता तेवढा नाही."

मॅडमनी भूल दिली. वाट बघितली, हिरडीला टोचलं आणि मान वर करून विचारलं, "लागतंय?"

"लागतंय," बाबा जड जिभेने म्हणाले.

अजून एक इंजेक्शन. "आता?"

"थोडं."

अजून थोडा वेळ. बाहेर बाकावर चार माणसं खोळंबली होती, त्यांना बसू दे म्हटलं. "आता, आजोबा?"

"आता नाही. खरंच नाही." मग त्यांनी खुर्चीवरचा हात उचलला. मॅडम लगेच मागे सरकल्या, पण बाबांना थांबवायचं नव्हतं. त्यांनी माझा उजवा हात शोधून पकडला आणि 'आ' केला. नळी मला शेवटपर्यंत डाव्या हाताने धरावी लागली.